पंधराचा तांब्या

भागवतकाकांच्या दुकानात भांडं घ्यायला गेलं की आधी घरात किती माणसं जेवतात ते सांगावं लागायचं. न्हाई सांगितलं तर भांडं मिळायचं न्हाई. मी वाढवून सांगत न्हाईये. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी एका बाईच्या हातातलं पातेलं काढून घेतलंय.

"किती जण?"

"चार."

"हे आठ जणाचं हाय. वरचे चार कुठून आणणार?"

"पाव्हणे येतात ना काका."

"रोज येतात का? आले की शेजारणीकडून मागा. शेजारीण कशाला असती मंग? हे घ्या, पाच जणाचं. एखादं माणूस वाढलं तरी भागंल. बराबर का न्हाई?"

बाई बराबर म्हणून गेली. महागाचं भांडं काढून घेऊन स्वस्तातलं हातात द्यायचं, वरून गिऱ्हाइकालाच रागवायचं, असं दुकान अख्ख्या तीर्थपुरीत एकच होतं अन् ते आमच्या भिंतीला भिंत लावून होतं.

काका बुटके, अंगात बंडी, चष्म्याला दोरी. खांद्यावर एक पिवळा रुमाल. त्यानं भांडं पुसायचं, त्यानंच तोंड पुसायचं. काकू माझ्या जन्माआधीच गेल्त्या, मूलबाळ नव्हतं. दुकानाच्या मागं एक खोली, तेच घर.

दुसरी खोड म्हणजे वाजवायची. प्रत्येक भांडं बोटाच्या पेरानं वाजवून कानाशी धरायचे. आवाज पसंत पडला न्हाई तर "रडकं हाय" म्हणून बाजूला. मी एकदा विचारलं, की काका रडकं म्हणजे नेमकं काय, चिरलेलं असतं का? तर म्हणाले, "न्हाई माय, भांडं चांगलंच असतं. मलाच आवडत न्हाई." मला ते सगळ्या मुलींसारखं 'माय'च म्हणायचे.

तिसरी गोष्ट, नाव घालणं. आमच्याकडं लग्नात भांडं द्यायचं तर त्यावर नाव पाहिजेच. नवरीचं नाव, देणाऱ्याचं नाव, गाव. काका हंडा दोन्ही पायांत धरून, छिन्नी-हातोडीनं टकटक करत नाव घालायचे. लग्नसराईत मला अभ्यास सुद्धा त्याच टकटकीत करावा लागायचा. अक्षरं फुकट, पण मजकूर काकांच्या पसंतीचा. एका नवरीचा मामा आल्ता वाटी घेऊन. म्हणला, "मामाकडून सप्रेम भेट, माजी सरपंच, अन् खाली गावाचं नाव, तालुका, जिल्हा, सगळं घाला."

काका म्हणले, "वाटी हाय ही. एवढं पाहिजे तर हंडा घ्या."

मामानं हंडा घेतला. काकांनी त्याच्या घरची माणसं विचारली न्हाईत, तोवरची तेवढी एकच वेळ.

तर हे असं चाललेलं, अन् माझ्या दादानं आमच्या पुढच्या खोलीत नेट कॅफे टाकला. नवीन साल, नवीन शतक, सगळीकडं तेच वारं होतं. जालन्याहून दोन कॉम्प्युटर आणले, फोनची लाइन घेतली, बाहेर निळी पाटी लावली. दादा दिवसभर शेतात न्हाईतर जालन्याला, म्हणून गल्ल्यावर मी. मी नुकताच कोर्स केलेला. टायपिंग इतकं जोरात करायची की आई आतून विचारायची, काही फोडून राह्यली का.

गिऱ्हाईक म्हणजे पोरंच. रिझल्ट बघायला येणार, न्हाईतर नटनट्यांचे फोटो. दुपारी कोणी नसायचं. मंग काका यायचे, प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचे अन् म्हणायचे, "डब्यात आज काय हाय?"

डबा म्हणजे कॉम्प्युटर. मी त्यांना डब्यात समुद्र दाखवला, बर्फ दाखवला, मुंबईचं हवामान दाखवलं. त्यांना कशाचंच अप्रूप न्हाई. समुद्र बघून म्हणले, "पाणी बराबर दिसतंय." बस.

एक दिवस मला एक वेबसाइट सापडली अन् मी त्यांना हाका मारत दुकानात गेले. "काका चला, डब्यात तुमचं दुकान आलंय."

त्या वेळेला फोटो उघडायला किती वेळ लागायचा ते आता सांगून खरं वाटणार न्हाई. वरून एक-एक पट्टी खाली यायची. आधी तांब्याचा काठ आला. काका पुढं सरकले. मंग गळा आला. "गळा चांगला काढलाय." मंग हळूहळू पोट. काका चष्मा वर करून जवळ गेले अन् त्यांनी बोटाच्या पेरानं स्क्रीनवर टक टक वाजवलं. कान सुद्धा लावला.

"काका, फोटो हाय तो."

"ठाऊक हाय. सवय हाय हाताला."

तांब्या पितळी, अस्सल आपल्याकडचा. खाली उलथनं, पोळपाट, परात, पुरणाची चाळणी, केरसुणी सुद्धा. म्हणजे काकांच्या दुकानाचाच कोणी फोटो काढलाय असं. मी त्यांना माउस कसा फिरवायचा ते दाखवलं, तेवढ्यात रिझल्टवाली दोन पोरं आली, मी दुसऱ्या कॉम्प्युटरकडं गेले. एक नापास झालं, त्याला पाणी दिलं, समजूत काढली. तेवढ्यात लाइट गेली. वळून बघते तर काकांची खुर्ची रिकामी. लाइट गेली की सगळेच उठून जायचे, त्यात मला काही वाटलं न्हाई.

दुसऱ्या दिवशीपासून मात्र काका बदलले.

एक बाई आली, मोठं पातेलं उचललं. काकांनी विचारलंच न्हाई की घरात किती. भाव पण अर्धा सांगितला. बाई घाबरली. "भोक-बिक न्हाई ना काका?" म्हणून उजेडात धरून बघितलं तिनं. संध्याकाळपर्यंत गावात बातमी पसरली अन् दुकानावर बायांची झुंबड. काका नुसते उचलून देऊन राह्यले. वाजवणं न्हाई, पुसणं न्हाई. 'रडकी' म्हणून बाजूला ठेवलेली सुद्धा विकली. जालन्याचा माल घेऊन येणारा टेम्पोवाला आला, त्याला बाहेरच्या बाहेर वापस पाठवलं. दुपारी दुकानाला कुलूप. सायकलीला एक पोतं बांधायचे अन् कुठंतरी जायचे. दिवस मावळता वापस. पोतं तसंच भरलेलं.

मी विचारलं, "काका, चाललंय काय?"

"काही न्हाई माय. उन्हाळा हाय."

हे उत्तर मी आईला सांगितलं. आई म्हणाली, उन्हाळा दरवर्षीच असतो.

मंग खरी बातमी दादानं आणली. कुंभार पिंपळगावचा एक कापडवाला शेठ, ज्याची आधीच दोन दुकानं होती, काकांचं दुकान घेणार. जागा, फळ्या, राह्यलेला माल, सगळं. बाजाराच्या दिवशी येऊन बयाणा देणार. बयाणा म्हणजे सौदा पक्का, मंग शब्द फिरवता येत न्हाई. मला रात्री जेवण गेलं न्हाई. काकांनी दुकान विकायचं म्हणजे काय? मंग ते करणार काय दिवसभर? कोणाला रागवणार?

बाजाराच्या दिवशी सकाळीच काका कॅफेत आले. नवीन बंडी घातलेली. खुर्चीत बसले न्हाईत. उभ्यानंच म्हणले, "माय, एक विचारायचं हाय. त्या डब्यातलं भांडं माणसाच्या घरी यायला किती दिवस लागत्यात?"

"कोणतं भांडं?"

"तांब्या. पंधराचा."

"पंधराचा कुठला तांब्या काका?"

"त्या दिवशी न्हाई का दाखवला. पितळी, पंधराचा. परात चाळीसची. उलथनं सहाचं." त्यांनी सगळे भाव घडाघडा म्हणून दाखवले, जसं पोरं पाढे म्हणतात. "मला तो तांब्या विकत घेतानाच ऐंशीला पडतो माय. माझ्यावाला कोण घेणार आता? आज तुझ्याकडं दोन डबे हायत, उद्या घरोघरी व्हतील. बाया घरात बसून पंधरानं तांब्या मागवतील. त्यांचं पण बराबरच हाय. मी म्हणलं, लोकांनी दुकानात यायचं बंद करायच्या आधी आपणच उठावं. फक्त एवढं सांग, किती दिवस हायत?"

माझ्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला. मी त्यांचा हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं अन् ती वेबसाइट लावली. कनेक्शन लागेना. फोनची ती किरकिर चालू, अन् बाहेर बाजारात भोंगे. शेवटी पान आलं. मी तांब्याच्या खाली बोट ठेवलं.

"काका, हे रुपये न्हाईत. डॉलर हायत."

"मंजे?"

"अमेरिकेचा पैसा. ही वेबसाइट तिकडं राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी हाय. माल आपल्याकडचा, विकणारा आपल्याकडचा, पण भाव तिकडच्या पैशात लावलाय. हे बघा, आकड्याच्या आधी निशाणी हाय."

काकांनी चष्मा वर केला. "तो वाकडा एस? मला वाटलं स्टीलचा एस हाय. पितळी तांब्याला स्टीलचा एस कशाला हे कळलं न्हाई, पण म्हणलं त्यांचं त्यांना ठाऊक." त्यांनी त्या निशाणीवर बोट ठेवलं. "एक डॉलर मंजे किती रुपये?"

"पन्नासच्या आसपास धरा."

काकांचे ओठ हलायला लागले. हिशोब संपला तरी ते हलतच होते.

"साडेसातशे," ते म्हणले. "तांब्याला."

"हो."

"हा असला तांब्या. साडेसातशेला."

"वरून पाठवायचा खर्चा वेगळा."

काका खुर्चीत मागं टेकले. पिवळा रुमाल काढून तोंड पुसलं, मंग चष्मा पुसला, मंग परत तोंड पुसलं. मला वाटलं हसतील. तर एकदम रागावले. "लाज वाटत न्हाई का ह्यांना? कोणाच्या पोरांना एवढ्याला विकून राह्यलेत? मंग त्या पोरांनी तिकडं पाणी काय वंजळीनं प्यायचं का?" अन् तेवढ्यात त्यांना आठवलं. "माय, शेठ येऊन बसला असंल."

शेठ येऊन बसलेलाच होता. पांढरी टोपी, हातात पिशवी, फळ्यांची लांबी हातानं मोजून राह्यला होता. मी काकांच्या मागं-मागं गेले, कॅफे उघडा टाकून.

"या भागवतराव. बसा. पैसे मोजून आणलेत," शेठ म्हणला.

"शेठ, तुमच्या घरात किती माणसं?" काका म्हणले.

शेठ बुचकळ्यात. "सोळा. का?"

"सोळा जणाला दोन दुकानं पुरत न्हाईत का? हाय तेवढं बिलकुल बराबर हाय. तिसरं घेऊन सांभाळणार कोण? भाऊभाऊ भांडतील. मी न्हाई देत."

"अहो, तुम्हीच निरोप पाठवला न्हवं का?"

"पाठवला व्हता. डब्यातला भाव वाचून पाठवला व्हता. ते चुकलं."

"कुठल्या डब्यातला?"

काकांनी माझ्याकडं बघितलं. मी सांगायला लागले, वेबसाइट, डॉलर, अमेरिका, सगळं एका दमात. शेठनं ऐकून घेतलं अन् शेवटी एवढंच विचारलं, की मंग कापड पण असतं का त्यात. मी म्हणलं असतं, साडी शंभर डॉलरला असती. शेठनं पिशवी काखेत मारली. "पोरी, चल, मला दाखव," म्हणला. बयाण्याचं राह्यलं ते राह्यलं. जाताना शेठनं काकांकडून सोळा फुलपात्रं घेतली, न्हाई म्हणायची सोय नव्हती.

त्या दिवशी काकांना जो उत्साह चढला, काय सांगू. कोणी भाव करायला लागलं की सुरूच. "बाई, हा झारा डब्यात आठ डॉलरला हाय. मी तुम्हाला एका डॉलरला देऊन राह्यलो."

"डॉलर कोणत्या गावचा?"

"अमेरिकेचा."

"मंग अमेरिकेलाच इका की. आम्हाला तीस रुपयाला द्या."

"चाळीस."

"पस्तीस द्या, अन् लई डॉलर-डॉलर करू नका काका, वय झालं तुमचं."

पस्तीसला दिला. अन् विचारलं, घरात किती जण.

संध्याकाळी बाजार उठला तेव्हा फळ्या निम्म्या रिकाम्या होत्या. जे राह्यलं ते नीट मांडायला मी काकांना मदत करून राह्यले होते. मागच्या खोलीत ते सायकलीवरचं पोतं दिसलं. मी तोंड सोडलं अन् एक-एक काढायला लागले. पेपरात गुंडाळलेली भांडी. घागर, पितळी डबा, दोन तांबे, एक कळशी. सगळी चिंचेनं घासलेली, चकचकीत. अन् सगळ्यांवर नावं. कोणाचं नाव शोभा, कोणाचं मंदा, कोणाचं कावेरी.

"काका, हे कोणाचं? न्यायला आलं न्हाई का कोणी?"

काका दारातच उभे राह्यले. "नेलं व्हतं. वापस आणलं."

"म्हणजे?"

"ठरलेलं लग्न मोडलं का बाप भांडे वापस आणतो माय. घरात दिसलं की पोरगी रडती, म्हणून."

"पण नाव घातलेलं भांडं तुम्ही वापस घेता? कोणीच घेत न्हाई."

"घ्यावं लागतं. नाव मीच घातलेलं असतं ना."

"मंग मोडीत का न्हाई दिलं? पितळ हाय, पैसे येतात."

काकांनी घागर माझ्या हातातून घेतली, रुमालानं पुसली. "मोडीत दिलं का वितळवतात माय," ते म्हणले. "शेठनं तेच केलं असतं. त्याची चूक न्हाई, त्याला काय ठाऊक. म्हणून दुपारी घेऊन जायचो, जिचं तिला द्यायला. मंदाकडं गेलो, परतूर रोडला दिलीय. दोन लेकरं हायत. हसली बिचारी, पाणी दिलं, चहा दिला. म्हणली, काका, माझं नाव लग्नात बदललं, आता मी वैशाली हाय. हे नाव घरात कसं ठेवू, सासू विचारंल. शोभाच्या दारापर्यंत गेलो अन् तसाच वळलो. तिला काय म्हणणार व्हतो? की बाई, तुझं मोडलेलं लग्न आणलंय, घे?"

मी कळशीचा पेपर परत गुंडाळायला लागले. 

"चला, बरं झालं," काका म्हणले. "राहू दे आता सगळे इथंच. भांडं काय खायाला मागतंय का. चढ वर, मी देतो एक-एक."

मी स्टुलावर चढले. ते खालून द्यायचे, मी माळ्यावर ठेवायची. प्रत्येकाचं ते सांगायचे. कावेरी नर्स झाली, बीडला असती. शोभाचं दुसऱ्या वर्षी जमलं, चांगला माणूस मिळाला. त्यांच्याकडं सगळ्यांची खबर होती, अन् सांगताना आवाज असा, की जसं कोणी आपल्या लेकींचं सांगतंय. खरं सांगते, तेव्हा मला इतकं हलकं वाटलं. दुकान वाचलं म्हणजे नेमकं काय वाचलं ते मला तेव्हा कळलं.

शेवटी माठाजवळचा एक लहान तांब्या राह्यला, त्यावर सिंधू असं नाव होतं. मी हात खाली केला, पण काकांनी तो दिला न्हाई.

"हा खाली राहू दे. हा लागतो."

"तुम्हाला?"

"सिंधूच्या आईला."

सिंधूचं लग्न मोडलेलं नव्हतं. लग्नाच्या आधीच, हळद लागायच्या आत, तापानं ती गेली. अंतरवालीच्या बाजूचं गाव. काकांनी तांब्या त्या माउलीला फुकट देऊन बघितला, तिनं घेतला न्हाई. म्हणाली, घरात माणसं हायत, ती रडू देत न्हाईत. अन् मंग बाजाराला आली की दुकानात यायची. भाजीची पिशवी पायरीवर ठेवायची. तहान लागली म्हणायची. काका ह्या तांब्यातून पाणी द्यायचे.

"आज आली व्हती का?" मी विचारलं.

"सकाळी आली असती तर दुकानात शेठ बसलेला दिसला असता तिला. उशीर झाला म्हणाली. दुपारी आली. तू अजून शेठला डबाच दाखवून राह्यली व्हती तेव्हा."

"अन्?"

"पाणी प्याली. गेली."

काकांनी तांब्या दरवाज्यामागच्या माठावर पालथा घातला, अन् पेरानं एकदा वाजवला. मी स्टुलावरून उतरले. बाहेर आईनं हाक मारली, कॅफे उघडा टाकून कुठं गेल्ती म्हणून. मी ओ दिली, पण लगेच गेले न्हाई. काका फळ्यावरची रिकामी जागा बघून राह्यले होते, अन् म्हणाले, "माय, उद्या त्या टेम्पोवाल्याला एक फोन लाव. म्हणावं, माल आण."